बेव्हनच्या नावानं चांगभलं

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या तोंडावर 24 तासांत 24 माणसं गेली. त्यातली 12 नवजात बाळं होती. पाठोपाठ एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला आणि टीव्हीवाल्यांचं काम झालं. लातूरकडच्या माझ्या एका विद्वान मित्राचं काम मात्र तेव्हाच सुरू झालं. प्रत्येक व्यासपीठावर ते सांगतात, आरोग्य झेडपीच्या हातून काढा, सगळं राज्याकडे द्या. ब्रिटननं 1948 मध्ये हेच केलं. टाळ्या पडतात.

पण ती बाळं गेली ते रुग्णालय झेडपीचं नव्हतंच. ते राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचं. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या मुखेडचं उपजिल्हा रुग्णालयही राज्याचंच, फक्त खातं वेगळं, सार्वजनिक आरोग्य. झेडपीकडे मुक्रमाबाद, बाऱ्हाळीसारखी प्राथमिक आरोग्य केंद्रं, त्यांची उपकेंद्रं आणि गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाई. मुखेडहून नांदेडला ‘रेफर’ झालेला पेशंट राज्याच्या या दोन खात्यांची हद्द ओलांडत सत्तरएक किलोमीटर जातो. दोष मात्र झेडपीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आता ब्रिटनकडे वळू, कारण मित्रांचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. 5 जुलै 1948 ला आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हननं इंग्लंड-वेल्समधली 1,545 नगरपालिकांची रुग्णालयं राष्ट्रीय आरोग्य सेवेत घेतली, हे खरं. मंत्रिमंडळातलाच हर्बर्ट मॉरिसन त्याच्याशी भांडला. लंडन काउंटी कौन्सिल चालवण्यात ज्याची उमेद गेली, तो माणूस आपली रुग्णालयं मुकाट्यानं कशी सोडील? मॉरिसन हरला. पण मित्र हे सांगत नाहीत की रुग्णालयं नेणाऱ्या त्याच कायद्यानं सुईणी, घरी जाऊन बाळ-बाळंतीण पाहणाऱ्या नर्सा, लसीकरण, रुग्णवाहिका, आजाऱ्याच्या घरी चूल सांभाळायला जाणाऱ्या बाया, हे सगळं कौन्सिलांकडेच, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थांकडेच ठेवलं. वृद्धांच्या निवाऱ्याची जबाबदारीही 1948 च्या दुसऱ्या एका कायद्यानं त्यांच्याच गळ्यात घातली. पगारी सुईणींची सोय तर 1936 च्या कायद्यापासूनच त्यांच्यावर बंधनकारक होती. म्हणजे बेव्हननं खाटा नेल्या, उंबरठा नेला नाही.

आणि उंबरठ्यावर उभा होता मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ. लिव्हरपूलनं 1847 मध्ये डंकन नावाच्या डॉक्टरला या जागेवर पहिल्यांदा नेमलं. पुढे गावोगावच्या कौन्सिलांनी असा अधिकारी ठेवला. दरसाल त्यानं छापील अहवाल द्यायचा: किती बाळं जन्मली, किती दगावली, क्षय कुठल्या गल्लीत, गटारं कशी, दूध कसं. हे सगळं त्यानं कौन्सिलच्याच तोंडावर सांगायचं, म्हणजे पगार देणाऱ्याला पगारी माणसानं दाखवलेला आरसा. 1974 च्या फेररचनेत ही जागाच गेली. केंद्रीकरणाचं ब्रिटन एवढं आवडतं, तर मित्रांनी ही गोष्टही भाषणात घ्यावी.

आमच्याकडे 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, त्यांना आरोग्य समित्या मिळाल्या. पण मुखेडच्या आजारांचं नीट टिपण कोणी ठेवलं? खाजगी डॉक्टरनं. डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशावरच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव 2005 मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात मांडला. पेरणीच्या दिवसांत शेतात साप चावलेला माणूस किती वेळानं दवाखान्यात येतो, यावर त्याचं जगणं-मरणं ठरतं, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पण अशी वही झेडपीनं ठेवून गावापुढे वाचल्याचं मी कधी ऐकलं नाही. आकडे वर जातात, मुंबईत पोचतात, खाली काही येत नाही.

इथवर मी झेडपीचं वकीलपत्र घेतलं. पण बेव्हनचा एक मुद्दा खोडता येत नाही. तो स्वतः ट्रेडेगर या खाणकामगारांच्या गावच्या कौन्सिलमधून वर आलेला, तेव्हा कौन्सिलांचा तिरस्कार त्याला नव्हता. पण श्रीमंत गावाला चांगलं रुग्णालय आणि गरीब गावाला मोडकं, हे त्यानं पाहिलं होतं. शस्त्रक्रियेची सोय स्थानिक तिजोरीवर सोडली तर पुणे-पिंपरीला मिळेल ते मुखेडला सात जन्मांत मिळणार नाही. घरपट्टी वसूल होता होत नाही तिथं व्हेंटिलेटर कशातून येणार? म्हणून मित्रांना अर्धं देऊन टाकतो: खाटा, यंत्रं, तज्ज्ञ डॉक्टर खुशाल राज्यानं सांभाळावेत, तेही दोन खात्यांत नव्हे, एकाच. तिथं मॉरिसनपेक्षा बेव्हन खरा.

बेव्हनच्या नावावर असंही सांगतात की ट्रेडेगरच्या दवाखान्यात बेडपॅन पडलं तर त्याचा आवाज वेस्टमिन्स्टरपर्यंत जावा, अशी व्यवस्था त्याला हवी होती. आमच्याकडे तशी ती आहेच. फक्त आवाज मंत्रालयात जाण्यासाठी 24 मृत्यू लागतात, आणि उत्तर म्हणून झाडू येतो.

नर्सबाई, लस, पाण्याची तपासणी आणि दरसालचा तो छापील अहवाल मात्र जिल्ह्यातच राहिला पाहिजे, तालुकावार, नावानिशी. यावर मित्र हसून म्हणतील, झेडपीत तो वाचणार कोण? वाचायला कोणी नव्हतंच. नांदेड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि ती बाळं गेली तेव्हा सभागृहात एकही निवडून आलेला माणूस नव्हता, प्रशासक होता. निवडणूक कोणी रोखून धरली होती, हे मित्रांनी पुढच्या भाषणात सांगावं. तिथल्या टाळ्या ऐकायला मी येईन.