ओले धान्य आणि खिडकीचा स्विच

माणसाच्या सचोटीची परीक्षा मोठ्या प्रसंगी क्वचित होते. क्षुल्लक वस्तूंच्या व्यवहारात ती रोज होत असते. मोटारीच्या खिडकीची काच वरखाली करणारा दारावरचा स्विच ही अशीच एक क्षुल्लक वस्तू होय. परंतु चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर तिच्यामागे एक गंभीर प्रश्न उभा राहिला आहे.

त्या दिवशी वाशिष्ठी व शिव नद्यांचे पाणी शहरात शिरले. रस्त्यांवर आणि घरांच्या तळमजल्यांवर उभी असलेली वाहने गाळात बुडाली. अशी गाडी धुऊन, सुकवून पुन्हा चालू करता येते, आसनेही बदलता येतात. पण दाराच्या आत राहिलेला ओलावा आपले काम निमूटपणे करीत राहतो. स्विचमधील तांब्याच्या संपर्कपट्ट्यांवर हिरवा थर चढतो, ठिणग्यांनी काजळी धरते आणि एके दिवशी काच अर्ध्यावरच अडकते.

येथे पहिली जबाबदारी कारागिराची आहे. चालकाच्या दारावरील स्विचने न हलणारी काच तिच्या स्वतःच्या दारावरील स्विचने हलत असेल, तर मोटर बहुधा शाबूत असते. दोष मुख्य स्विचात किंवा तारेत शोधावा लागतो. पट्ट्या केवळ मळल्या असतील तर स्विच उघडून त्या स्वच्छ करता येतात. त्या जळून झिजल्या असतील किंवा प्लास्टिक वितळले असेल, तर नवा स्विच बसवणेच योग्य. पहिल्या स्थितीत नवा स्विच गळ्यात मारणे म्हणजे ग्राहकाच्या अज्ञानावर कमाई करणे होय. दुसऱ्या स्थितीत तात्पुरते घासून देणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. कारण गाडी पाण्यात सापडली तर बाहेरच्या दाबामुळे दार उघडत नाही, खिडकी हीच सुटकेची वाट उरते. दाराच्या आत काय दिसले हे एकट्या कारागिरालाच ठाऊक असते. म्हणूनच ते ज्ञान त्याच्याकडे अमानत आहे.

दुसरी जबाबदारी मालकाची, आणि ती अधिक कठीण आहे. समजा, नवा स्विच बसला, काचा सुरळीत चालू लागल्या आणि गाडी विक्रीस काढली. खरेदीदार बटण दाबून पाहतो व समाधान पावतो. गाडी पुरात बुडाली होती का, हे तो विचारीत नाही. मालकाने ते आपण होऊन सांगावे काय?

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १७ मध्ये एक विचार करण्याजोगे उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ते कपट ठरत नाही. मात्र घेणारी विकणाऱ्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. कायदा येथे परक्यात आणि लेकीत फरक करतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत हा फरक उरत नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषितांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. धान्य पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले.

या प्रसंगातील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पाऊस विक्रेत्याने पाडला नव्हता. भिजण्याचा दोष त्याच्यावर ठेवला गेला नाही. तसेच ओले धान्य विकू नका, असेही सांगितले गेले नाही. आक्षेप होता तो ओल कोठे ठेवली यावर.

पूरग्रस्त मालक म्हणेल, 'माझे आधीच इतके नुकसान झाले; खरे सांगितले तर गाडीला भाव कोण देईल?' हे दुःख खरे आहे. परंतु लपवल्याने नुकसान नाहीसे होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवले जाते. शिवाय तो दुसरा बहुधा नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेला माणूस असतो. आपल्यावर आलेली आपत्ती ही परीक्षा होती. ती न सांगता दुसऱ्यावर ढकलणे ही आपली कृती ठरते, आणि जाब आपल्या कृतीचा द्यावा लागतो.

म्हणून स्विच दुरुस्त केल्याने सांगण्याचे कर्तव्य फिटत नाही. दोष स्विचचा नव्हता, पाण्याचा होता. स्विच ही त्याची केवळ दिसणारी खूण होती. खूण पुसून मूळ दडवले, तर दुरुस्ती हेच फसवणुकीचे साधन बनते. उलट तीच दुरुस्ती सांगून केली, तर ती मालाची किंमत न्याय्यपणे वाढवते.

विकताना पाणी कोठवर चढले होते, काय बदलले आणि काय केवळ साफ केले, हे स्पष्ट सांगावे. शक्य तर लिहून द्यावे. किंमत थोडी कमी येईल. पण क्रय-विक्रय करणारे दोघे खरे बोलले आणि दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, अन्यथा ती पुसली जाते, ही प्रेषितांची शिकवण आहे. आपल्या लेकीला ही गाडी देताना जे सांगितले असते, तेच परक्या गिऱ्हाइकाला सांगता आले, तर ओले धान्य राशीच्या वर ठेवल्यासारखे होईल.