म्हातारा रोगी व तरुण डॉक्टर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळींतील एका ऐंशी वर्षांच्या आजीबाईस तिच्या मुलांनीं जिल्ह्याच्या गांवीं इस्पितळांत नेऊन ठेविलें. तीन दिवसांपासून ती भलतेंच बोलत होती; वीस वर्षांपूर्वीं वारलेल्या नवऱ्यास हांका मारी व सुनेस ओळखीत नसे. ताप नव्हता, खोकला नव्हता. वार्डांतील शिकाऊ डॉक्टरानें नाडी पाहिली, कागदावर कांहीं लिहिलें, आणि "वय झालें आहे," असें म्हणून तो पुढच्या खाटेकडे गेला. मुलांसही त्यांत वावगें वाटलें नाहीं. "साठी बुद्धि नाठी, मग ऐंशीची काय कथा?" असें थोरला मुलगा आम्हांस म्हणाला. दुसऱ्या दिवशीं एका सिस्टरनें सुनेस सहज विचारिलें, "आजी अशा कधींपासून झाल्या?" सून म्हणाली, "गेल्या रविवारीं तर तांदूळ निवडीत होत्या, आणि उपासनेंतलीं गीतें पुस्तकावांचून म्हणत होत्या." तेव्हां कोठें लघवी तपासण्यांत आली. तींत जंतुदोष सांपडला, औषध सुरू झालें, आणि पांचव्या दिवशीं आजीबाईनें आम्हांस ओळखिलें व आम्ही इतके दिवस कां आलों नाहीं म्हणून चांगलेंच फैलावर घेतलें.

म्हातारपणीं रोग पुष्कळ वेळां वेष पालटून येतो. फुप्फुसाची सूज तापावांचून येते, हृदयाचा झटका छातींत कळ न येतां येऊन जातो, आणि दोन ठिकाणच्या दोन डॉक्टरांच्या गोळ्या पोटांत एकत्र झाल्या कीं मनुष्य घेरी येऊन अंगणांत पडतो. ज्यास आपण मंद म्हणतों त्याच्या कानांत कधीं कधीं नुसता मळ सांठलेला असतो. वार्धक्य हें हळू चालणारें आहे. तें रविवारीं नसून बुधवारीं येत नाहीं. बुधवारीं जें येतें तें दुसरेंच कांहीं असतें, व त्यावर बहुधा उपाय असतो.

आम्ही रागानेंच त्या तरुण डॉक्टराकडे गेलों. आदल्या दिवशींच्या सकाळपासून तो कामावर होता, हें आम्हांस मागाहून कळलें. त्यानें आमचें सर्व बोलणें मुकाट्यानें ऐकून घेतलें, चूक कबूल केली, आणि मग जें सांगितलें त्यासाठीं हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. तो म्हणाला, "पाळकसाहेब, तुमच्याशीं खोटें कशाला बोलूं? तरुण रोगी आला कीं मला हुरूप येतो. तो बरा होऊन चालत जातो व जातांना नमस्कार करितो. म्हातारा आला कीं मन खचतें. त्याच्या दहा तक्रारी. एक सांगण्यास अर्धा तास लागतो. त्यांतल्या दोन बऱ्या केल्या तरी आठ राहतात. घरीं धाडावें तर न्यावयास कोणी येत नाहीं. आणि आणखी एक सांगतों: माझी आजी गेली तेव्हां मी परीक्षेस बसलों होतों. तिच्या वयाचें माणूस खाटेवर दिसलें कीं माझे पाय आपोआप पुढें पडतात."

आतां प्रश्न असा कीं, जी भावना मनुष्य बोलावून आणीत नाहीं तिच्याबद्दल त्यास दोष देतां येईल काय? कित्येक म्हणतील, भावना कशी कां असेना, कर्तव्य केलें म्हणजे झालें. आम्हांस हें पुरेसें वाटत नाहीं. त्या डॉक्टरानें जाणूनबुजून कांहीं टाळिलें नव्हतें. त्यास विचारण्याजोगें कांहीं दिसलेंच नाहीं. कंटाळलेला डोळा उघडा असूनही पाहत नाहीं, म्हणून जेथें नीट पाहणें हेंच कर्तव्य तेथें मनाची स्थिति ही बाहेरची गोष्ट राहत नाहीं. दुसरे म्हणतील, अंतःकरणांत प्रेम नाहीं त्यानें डॉक्टर होऊंच नये. हें बोलणें व्यासपीठावर शोभतें. एकसारखें तीस तास जागलेल्या पंचविशींतल्या पोरास पहांटे तीन वाजतां प्रेमाची आज्ञा करणारानें आधीं एक रात्र त्या वार्डांत काढून पहावी.

हें दुखणें एका इस्पितळाचें नाहीं व आजचेंही नाहीं. न्यूयॉर्क येथील डॉक्टर इग्नाट्झ नॅशर ह्यांच्याविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, ते विद्यार्थी असतां एका अनाथगृहांत एका म्हातारीनें आपल्या वेदना सांगितल्या, तेव्हां शिक्षकानें तिला केवळ म्हातारपण झालें आहे व त्यास उपाय नाहीं असें उत्तर दिलें. नॅशर ह्यांस तें उत्तर पटलें नाहीं. पुढें १९०९ सालीं त्यांनींच बालरोगशास्त्राच्या इंग्रजी नांवाच्या धर्तीवर 'जेरियाट्रिक्स' हा शब्द बनविला. ही जोड मोठी मार्मिक आहे. अंगांत कळ आलेल्या तान्ह्या मुलाविषयीं "वयच तसें आहे" असें म्हणून कोणी डॉक्टर पुढें जात नाहीं. १९७८ सालीं अमेरिकेंत एका डॉक्टरानें सॅम्युएल शेम ह्या टोपणनांवानें 'द हाउस ऑफ गॉड' ही कादंबरी लिहिली. तींतील शिकाऊ डॉक्टर म्हाताऱ्या रोग्यांस एका हेटाळणीच्या शब्दानें ओळखितात, व 'माझ्या खोलींतून चालता हो' असा त्या शब्दाचा भावार्थ आहे. शब्द ओंगळ खरा. पण ज्यास बरें करितां येत नाहीं त्याच्यापुढें उभें राहण्याची लाज झांकण्यासाठीं मनुष्य असल्या शब्दांची ढाल करितो, असें आम्हांस वाटतें.

मग वाट कोणती? आम्हांस ती इंग्लंडांतील डॉक्टर मार्जरी वॉरन ह्यांच्या कामांत दिसते. १९३५ सालीं लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाकडे शेजारच्या गरीबखान्याचे वार्ड आले. तेथें सातशेंहून अधिक जुनाट रोगी पडून होते. कित्येक वर्षांनुवर्षें अंथरुणास खिळलेले, व पुष्कळांची नीट तपासणीच झालेली नव्हती. वॉरन ह्यांनीं कळवळ्याचें व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं एकेकास तपासिलें, प्रत्येकाचा विकार ठरवून वर्गवारी केली, अंधारे वार्ड उजळ करविले, आणि ज्यांस बसतां येईल त्यांस बसविलें, चालतां येईल त्यांस चालविलें. कित्येक जण, ज्यांचें आयुष्य संपलें असें सर्वांनीं धरिलें होतें, घरीं गेले. पडून राहणें हाच पुष्कळांचा अर्धा रोग होता! १९४७ सालीं रिचर्ड ॲशर ह्या इंग्रज डॉक्टरानें अंथरुणाच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला, व त्याच्या शेवटीं एका जुन्या सायंगीताचें विडंबन केलें. आमच्या गायकमंडळास तें रुचलें नसतें, पण म्हणणें खरें होतें.

ह्यांत आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सांपडतें. त्या तरुणानें अमुक वाटून घ्यावें असें त्यास सांगतां येत नाहीं, पण अमुक विचार, असें सांगतां येतें. "कधींपासून?" हा एक प्रश्न विचारण्यास प्रेम लागत नाहीं, आणि तो विचारिला कीं खाटेवरच्या देहाच्या जागीं तांदूळ निवडणारी, गीतें म्हणणारी एक बाई दिसूं लागते. मग मनास जें व्हावयाचें तें पुष्कळदां आपण होऊन होतें. दुसरें असें कीं, बरें करणें हेंच एक यश, असें ज्यास शिकविलें त्यास म्हातारा रोगी हा पराभवच वाटणार. खाटेवरून उठून स्वतः मोरीपर्यंत जातां येणें हेंही यश आहे, हें त्यास कोणीतरी शिकविलें पाहिजे. मद्रास मेडिकल कॉलेजांत १९९६ सालापासून ह्या विद्येची पदवी देतात, पण देशांत अशा जागा अद्याप थोड्या आहेत. आणि साठीपुढचीं माणसें २०११ च्या जनगणनेंतच दहा कोटींवर गेलीं होतीं.

परंतु डॉक्टरांवर बोट ठेवितांना उरलेलीं बोटें कोणाकडे वळतात तें पहा. "पिकलें पान, गळायचेंच," असें डॉक्टराच्या आधीं कोण म्हणतो? घरचींच माणसें. आणि आम्ही? घरोघर भेटी देतांना ज्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी लांबतात त्यांचें दार आम्ही शेवटास ठेवितों, म्हणजे दिवस मावळल्याचें निमित्त मिळतें. लेवीयाच्या पुस्तकांत पिकल्या केसांसमोर उठून उभें राहण्याची आज्ञा आहे. इस्पितळांत सर्व जण उभेच असतात. तेथें मान देण्याची रीत उलटी, खाली बसण्याची असावी.

आजीबाईस घरीं न्यावयाच्या दिवशीं तो डॉक्टर आला. त्यानें स्टूल ओढून घेतलें, तिच्या पिशवींतल्या सगळ्या गोळ्या खाटेवर ओतल्या, आणि एकेक हातांत घेऊन ही कोणी दिली, ही कशासाठीं, असें विचारूं लागला. तीन गोळ्या त्यानें बंद केल्या. आजी म्हणाली, "बाळा, जेवलास का?" त्यानें मान हालविली. मग तिनें आपल्या गुडघ्यांची सगळी कथा सांगितली. तो वीस मिनिटें बसला. आम्हांस नक्की ठाऊक आहे, कारण आमच्या एस.टी.ची वेळ झाली होती व आम्ही सारखे घड्याळाकडे पाहत होतों.