गाडीखालचा कुत्रा

वसुबारसेला गाईवासरासमोर पणती ठेवून आपली दिवाळी सुरू होते. भाऊबीज उरकली की प्रवासाचे बेत निघतात, आणि मग घरातल्या कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. शेजारी ‘आम्ही आहोत ना’ म्हणतात खरे. पण कुलूप लावताना ते मुके जनावर ज्या नजरेने आपल्याकडे पाहते, ती नजर पहिल्या मुक्कामापर्यंत पाठ सोडीत नाही. म्हणून काही कुटुंबे आता निजण्या-रांधण्याची सोय असलेली मोटारच घेतात आणि कुत्र्यासह निघतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली अशा कॅरॅव्हॅन-पर्यटनाचे धोरण आखले.

या हौसेच्या आरंभीच्या शिलेदारांत गॉर्डन स्टेबल्स हा आरमारातून निवृत्त झालेला डॉक्टर मोडतो. १८८५ साली तो इंग्लंडातल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत, समुद्राच्या खाडीकाठी, चाकांवरच्या घरातून गेला. बरोबर त्याचा लाडका कुत्रा आणि एक काकाकुवा. आणि अर्थात, घर ओढायला दोन घोडे! कुत्रा सहलीला निघाला होता. घोडे कामावर होते. एकाच बिऱ्हाडात जनावरांच्या या दोन जाती कशा झाल्या? पुढे इंजिन आले, घोडे सुटले, आणि सहप्रवासी म्हणून कुत्रा तेवढा उरला. ज्याच्यावाचून आपले काही अडत नाही, त्याच्यावर माया करणे सोपे असते, असे मला कधी कधी वाटते.

आपल्या लातूरकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, घरेच्या घरे शेतावर जातात. भज्जी, उंडे, आंबिलीची घागर, पोरेबाळे सारी बैलगाडीत बसत, आणि कुत्रा गाडीखालच्या सावलीने चाले. गाडा आपणच ओढतो आहोत असे त्याला वाटते, म्हणून आपण त्याला हसत आलो. पण त्याला कुणी ‘चल’ म्हटलेले नसे. महाभारतातल्या त्या कुत्र्यालाही कुणी बोलावले नव्हते. तो आपल्या पायांनी पांडवांमागे हिमालयापर्यंत गेला. इंद्राच्या रथात त्याला जागा नाही म्हटल्यावर धर्मराजाने रथच नाकारला. म्हणजे स्वर्गातसुद्धा कुत्र्यांना मज्जावच होता म्हणायचा! त्या धर्मराजाने कुत्र्याला हौस म्हणून नेले नव्हते. जो आपल्या भरवशावर इतकी वाट चालून आला, त्याला ऐन दारात सोडायचे नाही, एवढाच त्याचा हट्ट होता.

बैलाचे काय? त्याच दिवसांत लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. भंडारा उधळला जातो. घोडे, गाढवे, उंट, तांबडे लाल कंधारी आणि काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे देवणी बैल यांनी माळ फुलतो. गाड्यांचे तळ पडत तेव्हा ज्या बैलाने धन्याला देवापर्यंत नेले, तोच कधी तेथल्या बाजारात विकलाही जाई. पोळ्याला ज्याच्या पाया पडलो, त्याचे दावे दुसऱ्याच्या हाती द्यायचे! यात निष्ठुरपणा नाही असे कोण म्हणेल? पण कडब्याची गंजी संपत आलेल्या शेतकऱ्याला बोल लावण्याआधी एक गोष्ट आठवावी. त्या प्रवासाची चाल बैलाची असे. ओढा आला की गाडी सोडायची, बैलांना पाणी दाखवायचे, पुढ्यात पेंढी टाकायची आणि मग माणसांनी भाकरी सोडायची. कितीही घाईचा पाहुणा असला, तरी या क्रमात तो बदल मागत नसे.

मोटारीतल्या लाडक्या कुत्र्याला हा मान मिळतो का? तो आनंदाने येतो, कारण माणसे जिथे तिथे त्याचे घर. सुट्टी म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. उन्हात तापलेल्या गाडीत, काचा वर करून, ‘पाचच मिनिटे’ म्हणून त्याला ठेवून जाणारी प्रेमळ माणसे थोडी नाहीत. त्याला बरोबर घेणे सोपे. त्याच्यासाठी वाट वाकडी करणे, एखादे देऊळ पाहायचे टाकणे, दुपार सावलीत काढणे जड जाते. असे करणार नसू, तर शेजाऱ्याच्या ओट्यावर तो अधिक सुखी राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

माळेगावच्या वाटेवर आता बैलही टेम्पोत उभे राहून येतात. फळीवरून माना बाहेर काढलेल्या असतात, आणि ओढे एकामागून एक मागे पडत जातात.