झाकण आणि कुलूप

एखादी वस्तू आपली आहे असे मनुष्य म्हणतो तेव्हा त्याचा नेमका अर्थ काय असतो, हा प्रश्न कायदेपंडितांनी खरेदीखतापुरता सोडविला आहे. नीतीच्या दृष्टीने तो अद्याप मोकळाच आहे. प्रस्तुत लेखकास तो पुलगावात, कडुनिंबाखालच्या एका मोटारदुरुस्तीच्या दुकानी पडला. तेथे त्या दिवशी दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पेट्रोलवर चालणारी जुनी जीप, दुसरी आमच्या एका स्नेह्यांची नवी कोरी मोटार. मिस्त्रींनी जीपचे बोनेट उचलले, कार्बुरेटर सोडविला, फुंकून साफ केला, परत बसविला, आणि गाडी खोकत खोकत चालू झाली. नव्या मोटारीत केवळ एक पिवळा दिवा लागला होता. तिचे बोनेट उचलताच आत काळे गुळगुळीत झाकण दिसले. तेही काढून मिस्त्रींनी क्षणभर पाहिले आणि हात पुसत म्हणाले, "सर, हिले कंपनीतच न्या लागते. तिथल्या कॉम्प्युटरबिगर हे बोलतच नाही."

स्नेह्यांनी गाडीची पै न् पै चुकती केली होती. तरी जी वस्तू स्वतःस उघडता येत नाही आणि आपण नेमलेल्या कारागिरासही उघडता येत नाही, ती आपली कोणत्या अर्थाने?

जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीने ती सैन्यासाठी बांधली, आणि युद्धानंतर महिंद्र मंडळींनी ती मुंबईस जुळविण्यास आरंभ केला. रणभूमीवर कारखाना कोठून आणावयाचा? साध्या पान्यास वश होईल अशीच तिची रचना. हे वळण तिच्याही आधीचे. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी १९०८ मध्ये निघाली आणि १९२७ मध्ये बंद झाली. तेवढ्या अवधीत दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, आणि आरंभी ८५० डॉलर असलेली किंमत ३०० च्याही खाली आली. अमेरिकन शेतकरी तिचे मागचे चाक उचलून त्यास पट्टा जोडी, आणि तिच्याकडून लाकूड कापून घेई, पाणी उपसून घेई. गाडी त्याची होती, कारण तिला काय काय करता येईल हे ठरविणारा तोच होता.

तथापि जुन्या गाड्यांची थोरवी गाणाऱ्याने मॉडेल टी चे हँडल एकदा फिरवून पाहावे. ते उलट मारले तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर काढला, तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, आणि मोटार हाकणे ही दणकट पुरुषांची मिरासदारी राहिली नाही. यंत्र थोडे अधिक झाकले गेले खरे, पण त्याबद्दल कोण हळहळेल? विशेष हे की, याच केटरिंग यांनी १९२९ मध्ये, जनरल मोटर्सच्या संशोधनशाखेचे प्रमुख असता, ग्राहकास असंतुष्ट ठेवावे असा लेख लिहिला. वर्षागणिक नवे रूप काढण्याचा त्या कंपनीचा परिपाठ तोवर रुळला होता. पुढे कॅडिलॅकला १९४८ मध्ये शेपटीचे पंख फुटले आणि १९५९ पर्यंत ते उंचच उंच होत गेले. त्या पंखांनी गाडी उडत नव्हती हे सांगणे नलगे.

१९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी या देखण्या गाड्या जिवास किती घातक आहेत हे पुस्तक लिहून दाखविले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत सुरक्षेचा कायदा झाला. आज धडक बसताच फुगणारी हवेची पिशवी कशी चालते हे मला कळत नाही. माझ्या अज्ञानाने तिचे काही अडत नाही, आणि ते अज्ञान मी आनंदाने पत्करतो. माझा आक्षेप झाकणावर नाही, कुलपावर आहे. झाकण माझ्या सोयीसाठी असते. कुलूप चोरापासून रक्षणासाठी आहे असे कारखानदार म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु घराच्या कुलपाची किल्ली घरमालकाच्या कनवटीस असते, घर बांधणाऱ्या गवंड्याच्या नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये, आणि पुन्हा २०२० मध्ये, मोटारीच्या पोटातील माहिती मालकास व त्याच्या मिस्त्रीस मिळावी असा कौल दिला, तो हाच भेद ओळखून.

पुलगावाजवळच्या वर्ध्यास जमनालाल बजाजांच्या फोर्ड गाडीची आठवण सांगतात. तिला बैल जुंपले गेले, आणि ऑक्स म्हणजे बैल म्हणून तिचे नाव पडले 'ऑक्सफर्ड'! विनोद सोडला तरी एक गोष्ट उरते. त्या गाडीचे काय बिघडले, हे वाटेवरच्या कोणत्याही शेतकऱ्यास सांगता आले असते.

स्नेह्यांची मोटार दुसऱ्या दिवशी ट्रकवर घालून नागपुरास नेली. चार दिवसांनी ती परत आली, दिवा विझलेला होता. बिघाड काय होता म्हणून त्यांनी विचारले, तर तेथील कारकुनाने पावती पुढे करून सांगितले, "आता काही नाही, साहेब." ती पावती स्नेह्यांनी मिस्त्रींस दाखविली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.