रिकामी म्हटलेली जमीन

चेन्नईत पाऊस कोसळू लागला की वृत्तपत्रांत दोन ठिकाणांची नावे हटकून वाचावयास मिळतात : मीनंबाक्कम आणि नुंगंबाक्कम. पहिल्या ठिकाणी विमानतळ आहे, तर दुसऱ्या ठिकाणी हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. १७९२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने नुंगंबाक्कम येथे वेधशाळा उभारली. ताऱ्यांच्या निरीक्षणाबरोबर हवामानाच्या नोंदींचीही परंपरा तेथे रुजली. आकाशातून किती पाणी पडते याचा हिशेब इतक्या दीर्घ काळ ठेवणारी ठिकाणे आपल्या देशात फार थोडी आहेत. आणि ज्या नुंगंबाक्कमात पाऊस इतक्या निष्ठेने मोजला गेला, तेथेच पावसाने जेथे थांबावे ती जागा मात्र बुजवली गेली. म्हणून जे घडले ते केवळ अज्ञानातून घडले, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. आकडे हाताशी होते. मग उणीव कशाची होती? या प्रश्नाचा आपण थोडा शांतपणे विचार करू या.

नुंगंबाक्कम हे मुळात खेडे. १७०८ मध्ये ज्या पाच खेड्यांचा ताबा इंग्रजांना मिळाला, त्यांत ते होते. त्याच्यापासून दक्षिणेकडे सैदापेठच्या दिशेने चंद्रकोरीच्या आकाराचा एक विस्तीर्ण जलाशय पसरलेला होता. इंग्रज त्याला ‘लाँग टँक’, म्हणजे लांब तलाव म्हणत. आजचा अण्णा सालै, म्हणजे पूर्वीचा माउंट रोड, त्याच्या पूर्वेच्या बाजूने जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पाण्यावर नौकांच्या शर्यती होत. तमिळ भाषेत अशा तलावाला ‘एरी’ म्हणतात. उताराच्या बाजूला मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवावयाचे, मोरीतून ते शेताला द्यावयाचे आणि जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या तलावाकडे सोडावयाचे, अशी ही रचना. एक तलाव भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९२०च्या दशकात मद्रास शहर वाढू लागले. १९२०चा नगररचना कायदा हाती होता आणि घरांची मागणी तीव्र होती. तलावाचे पाणी काढून टाकण्यास प्रारंभ झाला. त्या पात्रातून आणि भोवतालच्या मांबलम भागातून एक आखीव उपनगर उभे राहिले. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावावरून त्याला त्यागरायनगर हे नाव मिळाले. आज टी. नगर या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा हा भाग देशातील अत्यंत गजबजलेल्या बाजारपेठांपैकी एक आहे. नुंगंबाक्कमकडील जे पाणी उरले होते, त्याच्या जागी १९७६ मध्ये वळ्ळुवर कोट्टम हे भव्य स्मारक उभे राहिले. दगडी रथाच्या आकाराच्या या वास्तूत तिरुक्कुरळमधील सर्व १,३३० द्विपदी कोरलेल्या आहेत. त्या ग्रंथाचा दुसराच अध्याय पावसाच्या थोरवीविषयी आहे. पर्जन्याची स्तुती दगडात कोरली गेली, आणि ती जेथे कोरली गेली तेथे पर्जन्यास बसावयास जागा राहिली नाही. ‘लेक एरिया’ आणि ‘टँक बंड रोड’ ही नावे मात्र त्या परिसरात अजून नांदत आहेत. मुंबईकरांना यात नवल वाटू नये. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावे आपणही रोज उच्चारतो. पाणी कोठे गेले, हे विचारत नाही.

येथे घाईने कोणाला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. घर ही माणसाची मूलभूत गरज आहे. तलावाखालची शेती शहराने व्यापल्यावर, ज्या कामासाठी तलाव बांधला होता ते काम संपले होते. साचलेले पाणी आणि हिवताप यांचा संबंध तोवर सर्वांना ठाऊक झाला होता. त्या भूमीवर हजारो कुटुंबांची घरे झाली, मुले शिकली, माणसे पोटाला लागली. हे सारे हिशेबात धरलेच पाहिजे. ‘जमिनीला हात लावू नका’ असे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर बहुधा छप्पर असते. तेव्हा जमीन तयार करून तीवर घरे बांधावीत की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. जमीन ‘रिकामी’ आहे असे कोण ठरवतो, कोणत्या मापाने ठरवतो, आणि त्या निर्णयाचे फळ कोणाच्या पदरी पडते, हा खरा प्रश्न आहे.

भाषांतराच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला शब्दांपाशी थांबण्याची सवय लागते. तमिळनाडूच्या महसुली दप्तरात ‘पोरंबोक्कु’ असा एक शब्द आहे. ज्या जमिनीवर सारा बसत नाही, जी कोणाच्या खाजगी नावावर नाही, अशी सर्वांच्या उपयोगाची जमीन, म्हणजे तलाव, ओढे, चराऊ कुरणे, समुद्रकाठ, या शब्दात येते. बोलभाषेत याच शब्दाचा अर्थ ‘कवडीमोलाचा माणूस’ असा झाला, आणि आज ती एक शिवी आहे. आपल्याकडे सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ असा रकाना असतो. ओढा, तळे, रस्ता, स्मशानभूमी अशा सार्वजनिक कामासाठी असलेले क्षेत्रही त्यात धरले जाते. ज्या ओढ्याने सारे शिवार जगते, तो कागदावर ‘खराबा’! महसूल वसूल करणाऱ्याने आपल्या सोयीसाठी केलेली ही वर्गवारी. परंतु हळूहळू ती आपल्या बुद्धीची वर्गवारी झाली. ज्यातून पैसा येत नाही ते निरुपयोगी, आणि जे निरुपयोगी ते रिकामे, अशी ही पायरी-पायरीने होणारी घसरण आहे. यंत्र जमिनीवर फिरते त्याच्या कितीतरी आधी शब्द फिरलेला असतो.

‘जमीन तयार करणे’ या मराठी शब्दप्रयोगालाही दोन अर्थ आहेत. शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात मशागत असते : नांगरट, कुळवणी, ढेकळे फोडणे, बांधबंदिस्ती. जमिनीत जे आहे ते फुलावे म्हणून केलेले हे काम. बांधकाम करणारा म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात सपाटीकरण असते : झुडपे काढणे, पाणी उपसणे, मुरुमाचा भराव, रोलर, आखणी. जमिनीत जे होते ते पुन्हा डोके वर काढू नये म्हणून केलेले हे काम. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बागेत ठेवल्याचा प्रसंग आहे. तेथे मूळ इब्री भाषेत दोन क्रियापदे येतात. पहिले मशागतीचे आहे, आणि त्याच धातूचा अर्थ ‘सेवा करणे’ असाही होतो. दुसरे राखण करण्याचे आहे. पृथ्वी वश करण्याचे क्रियापद त्या पुस्तकात आधी येते, हे खरे. पण ज्याला ते सांगितले, त्याच्याच हाती पुढे सेवा आणि राखण सोपवलेली आहे. ही जोडी तोडून एकच क्रियापद उचलणे म्हणजे अर्धे भाषांतर होय.

आता भरावाचा विचार करू. तलावाच्या पात्रात टाकलेली मातीची प्रत्येक गाडी काय करते? ती पाणी नाहीसे करीत नाही. ते शेजाऱ्याकडे ढकलते. एकाने आपला भूखंड दोन फूट उंच केला की पाणी दुसऱ्याच्या अंगणात जाते. दुसऱ्याने उंच केला की तिसऱ्याच्या. रस्त्यावर दरवेळी नवा थर चढतो आणि जुनी घरे आपोआप सखल होतात. शेवटी ज्याच्यापाशी भराव टाकण्याइतका पैसा नाही, त्याच्या उंबरठ्याशी सारे पाणी जमा होते. ‘माझा शेजारी कोण?’ असे एका शास्त्र्याने विचारले होते. या प्रश्नाचे एक उत्तर उतारच देतो : जो तुझ्यापेक्षा सखल जागी राहतो, तो तुझा शेजारी.

नोव्हेंबर २०१५ मध्ये नुंगंबाक्कमच्या पर्जन्यमापकाने १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून २४ तासांत सुमारे २९ सेंटिमीटरची भर पडली, तर तांबरम येथे तो आकडा ४९ सेंटिमीटरपर्यंत गेला. अड्यार नदी पात्राबाहेर आली. त्या पावसाळ्यात तामिळनाडूत शेकडो माणसे दगावली. २०२१च्या नोव्हेंबरात टी. नगरचे रस्ते पुन्हा पाण्याखाली गेले. एवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे मान्य. परंतु याच दोन पुरांच्या मधल्या २०१९च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेच्या पन्नास वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला निघालेली पाण्याची रेल्वे आपण विसरलो नसू. लातूर हे दुष्काळी प्रदेशातले शहर. चेन्नईत मात्र वर्षाला सरासरी १,४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर आणि तहान ही तेथे एकाच चुकलेल्या हिशेबाची दोन पाने आहेत. तलाव शेतीला पाणी देत होता, एवढेच वहीत लिहिले होते. तो पुराला थोपवत होता आणि विहिरींना भरत होता, हे कोणी लिहिलेच नव्हते.

घर बांधणाऱ्या दोन माणसांचा प्रभू येशूने सांगितलेला दृष्टान्त आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पॅलेस्टाइनमधील ओढे उन्हाळ्यात कोरडे असतात. त्यांचे पात्र सपाट, वाळूचे आणि बांधकामाला सोयीचे दिसते. निर्मळ आकाशाखाली दोन्ही घरे सारखीच दिसली असतील. कदाचित मूर्खाचे घर अधिक लवकर आणि कमी खर्चात उभे राहिले असेल. परंतु त्या दृष्टान्तातील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. तेथे घर बांधणारा आणि घरात राहणारा एकच आहे. मूर्ख असो की शहाणा, निर्णय ज्याचा, परिणामही त्याचाच. आपल्या शहरांनी नेमकी हीच गाठ सोडली आहे. पात्र कोरडे करण्याचा निर्णय एकाचा, मंजुरी दुसऱ्याची, नफा तिसऱ्याचा, कर्ज चौथ्याचे. आणि पन्नास वर्षांनी मध्यरात्री गुडघाभर पाण्यात मूल खांद्यावर घेऊन उभी राहणारी बाई पाचवी. दृष्टान्तातील मूर्ख निदान स्वतःच्या घराबरोबर कोसळला. आपला शहाणपणा असा की, कोसळणारे घर दुसऱ्याच्या नावावर असते. माझ्या मते या प्रश्नातील पाप जमीन सपाट करण्यात नाही. ते निर्णय आणि परिणाम यांची ताटातूट करण्यात आहे.

या ताटातुटीला आणखी एक बाजू आहे. नदीकाठी झोपडी घालणाऱ्याला आपण ‘अतिक्रमण करणारा’ म्हणतो. तलावाच्या पात्रात आराखडा मंजूर करून घेणाऱ्याला ‘विकासक’ म्हणतो. पाण्याला मात्र दोघांतील भेद कळत नाही. अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठची गरीब कुटुंबे दूर पेरुंबाक्कमला हलवण्यात आली; तो भागही पळ्ळिकरणै दलदलीच्या शेजारचा, सखल. ती दलदल भराव, रस्ते आणि कचरा यांनी आक्रसत गेली, आणि २०२२ मध्ये तिला रामसर यादीत स्थान मिळाले. तलावांच्या रक्षणासाठी तामिळनाडूने २००७ मध्ये कायदा केला, हे चांगलेच झाले. परंतु कायद्याचा हात झोपडीपर्यंत जितक्या लवकर पोहोचतो, तितक्या लवकर तो बहुमजली इमारतीपर्यंत पोहोचत नाही. वजनाचे दोन दगड बाळगणाऱ्याविषयी शास्त्रात काय म्हटले आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

हे सर्व दूरच्या मद्रासेचे आहे, असे समजून आपण पान उलटू नये. वसईची बावखले आठवा. वाडीतल्या या पाणसाठ्यांवर रहाट चालत आणि केळी, पानवेली, फुलझाडे जगत. त्यांतील कित्येक बुजवली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी आवाज उठवला, तेव्हा त्यांना विकासाचे विरोधक म्हणून हिणवणारे थोडे नव्हते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसर पाण्याने वेढला गेला, तेव्हा तो आवाज कशासाठी होता, हे अनेकांना उमगले.

आणि आपली मिशन कंपाउंडे? नुंगंबाक्कम परिसरातही १९१५चे विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आणि १९२५चे लोयोला कॉलेज आहे. भोवती सिमेंटचे शहर दाटले असताना या संस्थांच्या आवारांत अजून झाडे आणि उघडी माती दिसते. महाराष्ट्रातील अनेक गावांत चर्चच्या विश्वस्तांपुढे आज हाच मोह उभा आहे : मोठी विहीर, जुनी चिंच, अर्धा एकर ‘मोकळी’ जागा, आणि फाटकाशी थांबलेला ग्राहक. पैशाची निकडही खोटी नसते. शाळेचे छप्पर गळत असते, पगार थकलेले असतात. विकू नका असे सरसकट सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु सही करण्यापूर्वी तीन प्रश्न सभेच्या वृत्तांतात लिहून घ्यावेत, अशी माझी विनंती आहे. या जागेचा उपयोग आज कोण करते, कागदावर त्याचे नाव नसले तरी? येथे पडणारे पाणी उद्या कोणाच्या दारात जाईल? आणि तीस वर्षांनी या निर्णयाचा भार जो वाहील, त्याच्या वतीने या खोलीत कोण बोलत आहे?

तिसऱ्या प्रश्नापाशी बहुधा सभेत शांतता पसरेल. ती शांतता लवकर मोडू नये. सदनिका विकत घेणाऱ्यानेही दर आणि दिशा विचारण्याआधी जुना नकाशा मागावा, आणि तेथील एखाद्या वृद्धाला विचारावे की, पूर्वी येथे काय होते. जागेचे नाव ‘तळ्याकाठी’, ‘ओढ्यावरची आळी’ असे काही असेल, तर ते नुसते नाव समजू नये. ज्यांनी ते ठेवले, त्यांनी पाऊस मोजला नव्हता. त्यांनी त्याला वाट दिली होती.