एका दिवसाचें माप

परीक्षा असो वा शर्यत, मनुष्याच्या दीर्घ उद्योगाचें मोल एका दिवसाच्या निकालावरून ठरवावें काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्ही वाचकांस बेल्जियमच्या चिखलांत नेऊं इच्छितों.

सायक्लोक्रॉस नांवाची शर्यत तेथें हिवाळ्यांत शेतें, वाळू व चढाव यांतून सुमारें तासभर चालते. जेथें चाक फिरत नाहीं तेथें स्वार उतरतो, सायकल खांद्यावर घेतो व धांवूं लागतो. वाहनासच वाहून नेण्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं.

१९७६ सालीं जन्मलेला स्वेन नेइस हा या खेळांतील थोर पुरुष. सुपरप्रेस्टिज ही शर्यतींची मालिका त्यानें १३ वेळां जिंकली, बेल्जियमचें अजिंक्यपद ९ वेळां. परंतु जगज्जेतेपद वर्षांतून एकाच दिवशीं ठरतें. तें त्यास २००५ सालीं मिळालें, आणि पुन्हां मिळावयास २०१३ साल उजाडावें लागलें. मधल्या ७ वर्षांचे श्रम फुकट गेले काय?

निष्काम कर्माचा उपदेश येथें कोणी पुढें करील. परंतु जयाची इच्छाच टाकून शर्यतींत उतरणारा स्वार प्रतिस्पर्ध्यांशीं व प्रेक्षकांशीं प्रतारणा करतो. तेव्हां फळाची इच्छा एक आणि फळावरून केलेलें मोजमाप दुसरें, असा भेद करणें प्राप्त आहे. इच्छा पुरी असावी. श्रम मात्र त्या तराजूंत घालूं नयेत. एका दिवसाच्या निकालांत पाऊस, सांखळी, दुसऱ्याचें पडणें यांचाही वांटा असतो. आठवड्यामागून आठवडे चिखलांत कमावलेलें कौशल्य स्वाराचें स्वतःचें असतें. २०१३ चा जय मिळाला नसता तर जगानें कदाचित् निराळा निवाडा दिला असता. आमचा निवाडा तोच राहिला पाहिजे. तो राहत नसेल, तर हें सर्व विवेचन पोकळ होय.

३० जानेवारी २०१६ रोजीं बेल्जियममधील झोल्डर येथील जागतिक स्पर्धेंत एका तरुण स्पर्धकासाठीं ठेविलेल्या सायकलींत दडविलेली विजेची मोटार सांपडली. एका दिवसासच सर्वस्व मानणारें जग असलीं यंत्रें जन्मास घालतें. दुसऱ्या दिवशीं त्याच मैदानावर ३९ वर्षांचा नेइस आपल्या अखेरच्या जागतिक स्पर्धेंत उतरला व चौथा आला. त्या चौथ्या क्रमांकांत आम्हांस उणें कांहीं दिसत नाहीं.

आपल्या घरांतून मुलाच्या निकालाचा कागद उघडण्यापूर्वीं, त्यानें वर्षभर काय केलें हें विचारणारे पालक किती असतील बरें?