स्थिर चित्रे आणि गतीचा प्रश्न

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकही चित्र हलत नाही. पडद्यावरून सेकंदाला 24 चौकटी सरकतात. बहुधा एक चित्र दोन चौकटी टिकवले जाते, म्हणजे मिनिटाला 720 चित्रे लागतात. कागद सारे स्थिर, तर गती कोठे असते? भारतीय दर्शनांत हा वाद सिनेमाच्या कित्येक शतके आधीचा आहे.

कर्जतमधील दहिवलीजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. ती ज्या परंपरेची, तिच्यातील अनित्यतेच्या विचाराचे पुढे, सारे क्षणोक्षणी नष्ट होते या क्षणभंगवादात रूपांतर झाले. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’नुसार वस्तू उपजते तेथेच नष्ट होते, शेजारी तिच्यासारखी दुसरी उपजते. या मालिकेलाच लोक गती म्हणतात. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे अमान्य आहे. ‘तोच हा’ अशी ओळख, म्हणजे प्रत्यभिज्ञा, टिकणाऱ्या वस्तूवाचून होणार नाही, असे ते म्हणतात. त्यावर बौद्धांचे उत्तर दिव्याच्या ज्योतीचे: ज्योत क्षणोक्षणी नवी असते, तरी साम्यामुळे तीच वाटते. अद्वैती आचार्य गौडपादांनी मांडूक्यकारिकेच्या ‘अलातशांती’ या चौथ्या प्रकरणात फिरत्या कोलिताचा दृष्टांत दिला. कोलीत थांबले की फिरताना दिसणारे आगीचे वर्तुळ मावळते. पण ते कोलितात परत शिरत नाही, कारण त्यातून ते निघालेलेच नसते.

ललित निबंधावर ॲनिमेशन करताना हा प्रश्न अधिक अवघड होतो. कथेत प्रसंग प्रसंगाला ओढतो. निबंधात तसा धागा नसतो. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (1956) महिन्यामागून महिना येतो, आणि त्यांना जोडते ती पाहणारी दृष्टी. याच रीतीने उल्हास नदी चितारायची, तर चैत्रातले उतरलेले पाणी आणि श्रावणातला गढूळ लोंढा यांत रेषांचे साम्य फारसे उरत नाही. तरी प्रेक्षक ‘तीच नदी’ म्हणतो. येथे केवळ साम्याचे उत्तर अपुरे पडते आणि नैयायिकांच्या आक्षेपाला बळ येते.

उलट, काठावरचा स्थिर खडकही कधी कधी प्रत्येक कागदावर हाताने पुन्हा काढतात. दोन रेघा तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून खडकही किंचित थरथरतो. स्थैर्य हीसुद्धा मालिकाच, हे बौद्ध मत येथे डोळ्यांना दिसते.

मात्र दृष्टांताला मर्यादा आहेत. कागदांचा गठ्ठा शिल्लक राहतो, गेलेला क्षण राहत नाही. शिवाय कागदांचा क्रम चित्रकार लावतो. ईश्वर मानणाऱ्या उत्तरकालीन नैयायिकाला येथे कर्ता सापडेल. बौद्ध लाइट बॉक्सकडे बोट दाखवील: खालून उजळलेल्या मागच्या चित्रावर कागद ठेवूनच पुढचे चित्र काढले जाते. मागचा क्षण पुढच्याचे कारण होतो, आणि मालिकेला त्याहून वेगळा आधार लागत नाही, असे तो म्हणेल.